चार जीबी जुनी, आठ जीबी नवी

आपल्या मंडळात कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की फोन आमच्या घरी येतो, आणि तो आधी माझ्या नवऱ्याला येतो. माझा नवरा अकाउंटंट आहे. तो शांतपणे "थांबा हं, हिला देतो" म्हणतो आणि पलीकडून जरा निराशेचा "अच्छा, अच्छा" ऐकू येतो. खरं म्हणजे मीही यातली नव्हेच. माझं काम बँकांच्या मोठमोठ्या डेटाबेसशी. ते कॉम्प्युटर कुठल्या शहरात ठेवलेत हेसुद्धा मला नीट ठाऊक नसतं. पण आपल्याकडे डॉक्टर दिसला की आरतीच्या रांगेतही गुडघा पुढे करायची पद्धत आहे, तिथे आयटीवालीची काय कथा!

एक मात्र खरं, की पेचकस हातात घ्यायची मला भीती वाटत नाही. ते श्रेय पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीला. आमच्या कॉलेजच्या दिवसांत ब्रँडेड कॉम्प्युटर परवडायचा नाही. तपकीर गल्लीत जायचं (मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जायचे), कॅबिनेट एकाकडून, मदरबोर्ड दुसऱ्याकडून, रॅम तिसऱ्याकडून घ्यायची, आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणून जोडायचं. चालू झाला नाही तर रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर पेन्सिलचं खोडरबर फिरवायचं आणि पुन्हा बसवायची. दहातल्या पाच वेळा चालू व्हायचा. पुढे मास्टर्ससाठी इथे आले तेव्हा ही विद्या फार उपयोगी पडली, कारण विद्यार्थ्यांच्या बेसमेंटमध्ये सगळ्यांचेच कॉम्प्युटर तीन मृत कॉम्प्युटरमधून जन्मलेले असत.

गेल्या काही महिन्यांत मात्र फोनवर एकच प्रश्न येतोय : "जुन्या रॅममध्ये दुसरी मिसळली तर चालते का गं?" त्याला कारणं आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि आठ-दहा वर्षांचे धडधाकट पीसी विंडोज ११ ने दारातूनच परत पाठवले. नवा घ्यावा तर २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे काही चढले की विचारू नका. एआयची डेटा सेंटर्स मेमरीच्या चिप्स पोत्यानं उचलू लागली. मायक्रॉन कंपनीनं तर 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं. असे भाव यापूर्वीही भडकले आहेत. १९९३ मध्ये जपानमधला चिपसाठी रेझिन बनवणारा एक कारखाना जळला तेव्हा, १९९९ मध्ये तैवानच्या भूकंपानंतर. पण तेव्हा आपल्या घरात एकच पीसी असायचा. आता प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये दोन-तीन पडीक आहेत आणि त्यातल्या रॅमकडे सगळ्यांची नजर जाते आहे.

तर उत्तर असं. पिढी वेगळी असेल तर प्रश्नच मिटला, बसणारच नाही. डीडीआर-३ ला २४० पिना, डीडीआर-४ ला २८८. डीडीआर-५ लाही २८८ च, पण मधली खाच वेगळ्या जागी. म्हणून हातोडी घेऊ नये. (हसू नका, एका घरी मी दाते कापलेली पट्टी पाहिली आहे.) पिढी एकच असेल, पण कंपनी वेगळी, आकार वेगळा, वेग वेगळा असेल, तर बहुतेक वेळा चालतं. प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एक चिमुकली चिप असते. तिच्यात त्या पट्टीची पत्रिका लिहिलेली असते : वेग किती, व्होल्टेज किती, मागितल्यावर उत्तर द्यायला किती उशीर लागतो. कॉम्प्युटर चालू करताक्षणी बायोस नावाचे गुरुजी सगळ्यांच्या पत्रिका वाचतात आणि ज्यावर सगळ्यांचं जमेल असा मुहूर्त काढतात. म्हणजे काय, तर पंगतीचा नियम. सगळ्यात सावकाश जेवणाऱ्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. १६०० ची पट्टी १३३३ च्या शेजारी बसली की तीही १३३३ नं चालते.

जोडीचा भाग निराळा. दोन पट्ट्या दोन वेगळ्या वाटांवर बसवल्या तर कॉम्प्युटर दोन्हींकडून एकदम माहिती आणतो. एक चारची आणि एक आठची असेल तर बरेच बोर्ड चारला चार जोडून घेतात आणि उरलेले चार एकट्यानं चालतात. फार बिघडत नाही. बिघडतं ते, जेव्हा पत्रिका जुळते आणि संसार जुळत नाही. वेगवेगळ्या बनावटीच्या दोन पट्ट्या एकेकट्या अगदी शहाण्यासारख्या वागतात, आणि एकत्र आल्या की महिन्यातून दोनदा अचानक निळा पडदा.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, मिसिसागाला. १९७१ मध्ये आले, सिव्हिल इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. काकू २०१९ मध्ये गेल्या. आता चार बेडरूमचं घर विकून काका कॉन्डोत जाणार, म्हणून घर रिकामं करत होते. त्यात निघाल्या साठ कॅसेट.

नव्या पिढीसाठी सांगते. तेव्हा भारतात फोन करणं म्हणजे मिनिटामिनिटाला पोटात गोळा. पत्रात सगळं मावत नसे. म्हणून इथली मंडळी कॅसेटवर बोलून ती कुणा जाणाऱ्याबरोबर पाठवत, आणि तिकडची मंडळी त्यावरच किंवा दुसऱ्या कॅसेटवर उत्तर भरून येणाऱ्याबरोबर धाडत. सी-६० म्हणजे साठ मिनिटं, तीस या बाजूला, तीस त्या बाजूला. बाजू संपेपर्यंत बोलायचं, कारण पैसे साठ मिनिटांचे दिलेले! त्यामुळे बातम्या पहिल्या दहा मिनिटांत संपत आणि मग खरी गंमत सुरू होई. शेजारचे बोलावले जात, पोरांना पाढे म्हणायला लावत, कुणी लाजत लाजत गाणं म्हणे.

काकांनी शिस्तीत काम चालवलं होतं. जुना कॅसेट डेक, त्याची वायर पीसीला, रोज दुपारी एक कॅसेट. प्रत्येक बाजूची एक फाइल. फाइल झाली की एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि कॅसेट कचऱ्यात. इंजिनियरचा हिशेब : झालेलं काम डोळ्यांसमोर ठेवायचं नाही. एक्केचाळीस झाल्या तेव्हा यंदाच्या जानेवारीत मला फोन आला. (अर्थात आधी नवऱ्याला.)

"अगं, हा सारखा निळा होतो. आणि रेकॉर्डिंगमध्ये टक टक येतं."

"काका, काही बदललंत का?"

"काही नाही. रॅम तेवढी वाढवली. चारची होती, एक आठची आणून घातली. व्यवस्थित बसली की. बारा दाखवतो."

गेले. पीसी २०१२ चा, डीडीआर-३ चा. चारची पट्टी मूळची, १३३३ ची. आठची सेकंड हँड, १६०० ची, दुसऱ्या कंपनीची. तोवर काकांचे ब्रिजचे मित्र, इमारतीतला एक मुलगा आणि फोनवरून बंगळूरुचे चिरंजीव अशा तिघांनी निदान केलेलं होतंच : ही नवी काढ, हिनंच घोळ घातलाय. मीही तेच म्हटलं असतं, पण अशा बाबतीत अंदाजावर जायचं कारण नाही. तपासणी फुकट होते. मेमटेस्ट ८६ नावाचा कार्यक्रम १९९४ पासून आहे, आणि त्याचाच २००४ पासूनचा भाऊबंद मेमटेस्ट ८६ प्लस. यूएसबीवर घालायचा, विंडोजच्या आधी चालू करायचा. तो रॅमच्या प्रत्येक घरात काहीतरी ठेवतो, परत मागतो आणि ठेवलं तेच मिळालं का ते बघतो. न कंटाळता, तासन् तास.

पीसी उघडण्याआधीची एक सूचना, खास इथल्या हिवाळ्यासाठी. पुण्यात पावसाळ्यात मी कार्पेटवर बसून रॅम बदलली तरी काही होत नसे. (कार्पेटच नव्हतं.) इथे जानेवारीत बाहेर उणे पंधरा, आत फर्नेस चालू, हवा पापडासारखी कोरडी. लोकरी मोजे घालून कार्पेटवर चार पावलं चाललात की अंगात काही हजार व्होल्ट साठतात. दाराच्या मुठीला हात लावल्यावर जो चटका बसतो तोच. आपल्याला जाणवणारही नाही एवढ्या ठिणगीनंसुद्धा मेमरीची चिप जखमी होऊ शकते, आणि लगेच मरत नाही, कधीतरी पुढे कुरकुरते. म्हणून मोजे काढा, लाकडी टेबलाशी बसा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मग पट्टीला हात लावा, आणि पट्टी कडेनं धरा. मनगटी पट्टा दहा-बारा डॉलरला मिळतो.

दोन्ही पट्ट्या घालून तपासणी लावली. अर्ध्या तासात पडद्यावर लाल ओळी. काका म्हणाले, "सांगितलं होतं ना!" मग आठची एकटी ठेवली आणि आम्ही जेवलो. काकांनी पिठलं छान केलं होतं. ती रात्रभर चालू राहू दिली. सकाळी काकांचा फोन : एकही लाल ओळ नाही. संध्याकाळी मी जाऊन चारची एकटी लावली, आणि चहा व्हायच्या आत लाल. जागा बदलली, दुसऱ्या खाचेत घातली, तरी लाल. म्हणजे खाच निर्दोष. मूळची, घरची, चौदा वर्षांची चारची पट्टी खराब होती, आणि शिव्या खात होती ती नवी आलेली. नवी आल्यावर पत्त्यांची वाटणी बदलली आणि ते सडकं घर बहुधा विंडोजच्याच पायाखाली आलं, म्हणून बोंब झाली.

"काका, आठची घालायच्या आधी कधी बंद पडला नव्हता?"

काका थोडा वेळ गप्प होते. "तसा अधूनमधून पडायचा. मला वाटलं, माझ्यासारखाच म्हातारा झालाय."

आता माझ्या पोटात गोळा आला. दोष नव्या पट्टीचा असता, तर ती घातल्यानंतरच्या सातआठ कॅसेटपुरता प्रश्न होता. दोष जुनीचा, म्हणजे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस संशयित. आणि त्या कॅसेट कचऱ्यात.

इथे जरा थांबून रॅम म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर भीती कशाची ते कळणार नाही. १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलेली आणि अजून चालू असलेली कल्पना अशी : एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा थेंबभर साठा करणारं एक भांडं. भरलेलं म्हणजे एक, रिकामं म्हणजे शून्य. पण भांडं गळकं असतं. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक भांडं वाचून पुन्हा भरावं लागतं. आपण हे वाक्य वाचतो तेवढ्यात कितीतरी वेळा. एखादं भांडं जास्त गळायला लागलं की एकचा शून्य होतो आणि कुणालाही कळत नाही. सर्व्हरमधली रॅम अशी चूक पकडून सुधारते. तिला ईसीसी म्हणतात. घरच्या बहुतेक पीसींत ती नसते.

हे किती वेळा होतं, यावरचा सगळ्यांत गाजलेला अभ्यास आपल्या गावचा आहे याचं मला कौतुक वाटतं. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गुगलचे दोन संशोधक यांनी २००९ मध्ये गुगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक सापडली. तोवरच्या समजुतीपेक्षा हे प्रमाण फारच मोठं होतं. वय वाढलं की चुका वाढतात, आणि बऱ्याच चुका आकाशातून आलेल्या कणांच्या नसून त्या पट्टीतल्याच कायमच्या दोषाच्या असाव्यात, असंही त्यांना दिसलं. आकाशाचा संशय मात्र अगदीच पोकळ नव्हे. २००३ मध्ये बेल्जियमच्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा पडली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात; एक बिट उलटला होता. संशय वैश्विक किरणांवर गेला. काकांची पट्टी मात्र घरगुती दोषाचीच.

आता दिलासा देणारी गोष्ट. काकांनी फाइली वेव्ह प्रकारात ठेवल्या होत्या, आवाज जसाच्या तसा, न दाबता. सेकंदाला ४४,१०० नमुने, एकेक सोळा बिटांचा. तासाच्या कॅसेटचे सुमारे ३१७ एमबी, म्हणजे अडीचशे कोटी बिट. त्यातला एक उलटला तर एक 'टक' ऐकू येतं, बस्स. आजूबाजूचं सगळं शाबूत. हेच सगळं एका झिपमध्ये कोंबून ठेवलं असतं, तर एका बिटापायी अख्खी झिप उघडायला नकार देऊ शकली असती.

मी पीसीमधल्या आणि बाहेरच्या डिस्कवरच्या फाइली माझ्या लॅपटॉपवर ताडून पाहिल्या. प्रत्येक फाइलचा एक आकडी ठसा काढता येतो. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. ब्याऐंशीपैकी तीन जुळल्या नाहीत. पण रेकॉर्ड होतानाच चूक झाली असेल तर ती दोन्हीकडे सारखीच असणार, ठसा काय सांगणार? ऐकण्यावाचून इलाज नाही. "एक्केचाळीस तास," मी म्हटलं. काका म्हणाले, "मला दुसरं काय काम आहे?"

त्यांनी वही घातली. डावीकडे कॅसेट आणि मिनिट, उजवीकडे शेरा. पाच आठवड्यांनी मी ती वही पाहिली. सतरा ठिकाणी 'टक'. बाकी शेरे मात्र रॅमबद्दल नव्हते. "दादा खोकतोय. १९८० पासूनच होता म्हणजे." "हिचं हसणं." "वडील माझ्यावर रागावलेले, तेव्हा लक्षात आलं नव्हतं." मी पुढची पानं उलटली नाहीत.

एक फाइल राहिली होती. कॅसेट सत्तावीस, दुसरी बाजू. तिचा शेरा होता : "वाजत नाही." उघडली की शून्य सेकंद दाखवायची. पण डिस्कवर ११२ एमबी. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला ४४ बाइटांचा एक मथळा असतो, त्यात पुढे किती आवाज आहे ते लिहितात, आणि काकांचं सॉफ्टवेअर ते रेकॉर्डिंग संपल्यावर लिहायचं. मध्येच पीसी कोसळला तर मथळा कोरा, आवाज आत अडकलेला. ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये अशी फाइल कच्चा माल म्हणून उघडता येते, फक्त आकडे आपण सांगायचे. पहिल्यांदा मी स्टिरिओ निवडून पाहिलं तर एक बाई खारीसारख्या दुप्पट वेगानं बोलायला लागल्या. मोनो केलं आणि आवाज खाली आला, ठाय लयीत, सांगलीचा.

"आत्या... नाही, हिची आई," काका म्हणाले. काकूंच्या आई, १९८३. लेकीला मेतकूट सांगत होत्या. हरभऱ्याची डाळ किती, तांदूळ त्याच्या निम्मे, उडीद एक वाटी, गहू मूठभर, हे वेगवेगळं भाजायचं, एकत्र नाही, तांबूस झालं पाहिजे पण करपता कामा नये. मग मेथी, मोहरी, धने-जिरे, सुंठेचा तुकडा. मध्ये दूधवाला आला, त्याच्याशी बोलणं झालं. परत आल्या. "आणि हिंग मात्र..."

तिथे संपलं. एकवीस मिनिटं आणि काही सेकंद. बाजू तीस मिनिटांची. पीसी तिथे कोसळला होता, काका दुपारी पडले होते, उठून पाहिलं तर फाइल दिसत होती, म्हणून कॅसेट गेली.

मी काय बोलणार? उरलेली नऊ मिनिटं कुठल्याही डिस्कवर नव्हती. काकांनी ते शेवटचं मिनिट पुन्हा लावायला सांगितलं. मग कॅलगरीला लेकीला फोन केला आणि तिला तो आवाज ऐकवला. तिला आजी आठवत नव्हती. ती चार वर्षांची असताना गेलेली. ती थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा, हिंग किती?"

"तुझी आई चमच्याच्या टोकावर घ्यायची," काका म्हणाले. "पण तिच्यात आणि तिच्या आईत हिंगावरून वाद होता. बहुतेक तेच पुढे असणार."

चारची पट्टी आता मी काढून टाकली आहे. पीसी आठवर एकटाच चालतो, इंटरनेट जोडलेलं नाही, आणि काकांना त्यात काही कमी जाणवत नाही. कुणी जुनी पट्टी देऊ केली तर माझं सांगणं एवढंच : घालायच्या आधी एक रात्र तपासणीला लावा, आणि आधीपासून आत असलेलीलाही लावा. उरलेल्या एकोणीस कॅसेट, उतरवून झालेल्यासुद्धा, आमच्या बेसमेंटमध्ये एका खोक्यात राहणार आहेत. कॉन्डोत जागा नाही, आणि कचऱ्याच्या डब्यापाशी काकांना जाऊ द्यायची माझी तयारी नाही.

अडचण आता डेकची आहे. त्याचा रबरी पट्टा सैल झाला आहे आणि सगळे लोक शेवटी शेवटी झोप आल्यासारखे बोलतात. कुणाच्या बेसमेंटमध्ये चालू स्थितीतला कॅसेट डेक पडून असेल, तर कृपया मंडळाच्या समितीकडे कळवा. गाडी घेऊन मी येईन. नवऱ्याला फोन केलात तरी चालेल.